बायकलर पॅनेल: पट्टे गेले, गुलाबी झाक उरली

व्हिडिओ शूटसाठी बनवत असलेलं एलईडी लाइटचं पॅनेल आता चेहऱ्यावर मारण्याजोगं झालंय. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर २७०० केल्विनच्या (पिवळसर) आणि ६५०० केल्विनच्या (निळसर पांढऱ्या) एलईडी पट्ट्या एकाआड एक चिकटवल्यात, पुढे बटर पेपर. पत्रा हवाच. एलईडीची उष्णता उजेडाबरोबर पुढे जात नाही, चिपच्या पाठीमागे साठते. चिप तापली की उजेड घटतो आणि आयुष्यही.

उजेड कमी-जास्त करणारा डिमर बदलला. जुना काहीशे हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला काहीशे वेळा, एलईडीची उघडझाप करायचा. १/५० शटरला सगळं ठीक, पण स्लो मोशनसाठी शटर १/१००० केलं की फ्रेमवर आडवे पट्टे. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे काही ओळींच्या वाट्याला अंधारच येतो. नवा डिमर २० किलोहर्ट्झच्या वरचा आहे. पट्टे गेले.

लाल रंगाची परीक्षा कुंकवाच्या डबीवर घेतली, शेजारी हॅलोजन लावून. पांढरा एलईडी मुळात निळी चिप आणि तिच्यावरचा पिवळा फॉस्फर, म्हणजे निळा उजेड शोषून दुसऱ्या रंगाचा उजेड देणारा थर. लाल त्यात कमीच. चांगल्या पट्टीत लाल फॉस्फर वेगळा घालतात. पाकिटावरच्या ‘सीआरआय ९५’वर (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) मात्र जाऊ नका. तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो, गडद लाल म्हणजे आर९ त्यात धरलेलाच नसतो. आणि आपली सावळी कातडी जिवंत दिसते ती त्या लालामुळे! माझ्या पट्टीवर कुंकू हॅलोजनच्या बरंच जवळ येतं, हातही मेलेला दिसत नाही.

आता खरी डोकेदुखी. दोन्ही पट्ट्या मिसळून चार हजार केल्विनच्या आसपास आलं की उजेड गुलाबी होतो. तापत जाणाऱ्या वस्तूचा रंग लालसरातून पांढऱ्याकडे आणि पुढे निळसराकडे सरकतो, ती वाट रंगांच्या नकाशावर वाकडी आहे. दोन पांढरे मिसळले की मिळणारा रंग मात्र त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवरच पडतो, म्हणजे वाटेच्या खाली, मॅजेंटाच्या (गुलाबी-जांभळ्या) बाजूला. दोन टोकं जितकी लांब, तितकी झाक जास्त. कॅमेऱ्यात टिंट (हिरवा-मॅजेंटा तोल) फिरवून ती काढता येते, पण फ्रेममध्ये खिडकी असली की खिडकी हिरवट होते. दिव्यापुढे हिरवी जेल (रंगीत पारदर्शक फिल्म) लावली तर मधलं सुधारतं नि टोकं बिघडतात.

म्हणून हिरव्या एलईडीची तिसरी, बारीक लाइन टाकतोय, वेगळ्या डिमरवर. कुणी हिरव्याऐवजी लाइम (पिवळसर हिरवा) एलईडी वापरून पाहिलाय का? ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) कोणता घेतलात तेही सांगा.