बोटभर गवत

मी ३१ वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढली. त्यामुळे कुठेही गेलो तरी माझी नजर आधी जमिनीवर जाते. शेण कसलं पडलंय, गवत कुणी खाल्लंय, ओढलंय की कुरतडलंय. गाय जिभेचा विळखा घालून गवत ओढते, म्हणून तिच्यामागे गवत उंचसखल राहतं. मेंढी खालचे दात आणि वरची टणक हिरडी यांच्यात पकडून अगदी जमिनीलगत तोडते. ससा त्याहूनही खाली जातो. नोकरीत हे रोजचं ज्ञान. पण एकाच उतारावर तिघांच्याही खुणा शेजारी शेजारी पाहिल्या त्या यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात, इंग्लंडच्या दक्षिणेला, लूईस गावाबाहेर.

लेक तिथे राहते. गावाच्या मधून ऊझ नदी जाते आणि दोन्ही बाजूंना झाडं नसलेल्या, गोलसर पाठीच्या टेकड्या. त्यांना तिथे ‘डाउन्स’ म्हणतात. शब्द फार जुना आहे, त्याचा मूळ अर्थच टेकडी. पहिल्यांदा खिडकीतून पाहिल्या तेव्हा मला आमचा सडाच आठवला, कातळाचं उघडं पठार. गोव्यात पेडण्याला आम्ही सड्याच्या पायथ्याशी वाढलो. वर उघडं आभाळ, वारा, आणि दुरून पाहणाऱ्याला वाटावं की इथे काहीच नाही.

सडा जांभ्याचा, डाउन्स खडूच्या. खडूच, बोटाला पांढरा लागणारा. साधारण १० कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, त्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळांच्या चुन्याच्या कवचांचा थर तळाशी बसत गेला. त्यातच चकमकीच्या दगडाच्या काळ्या गाठी सापडतात. आपल्याकडे घराला चिरे, तसे लूईसच्या जुन्या भिंतींना हे चकमकीचे गोटे. पाण्यापावसाने जांभ्यातली सिलिका धुऊन नेली आणि लोह मागे ठेवलं. तिथे समुद्री स्पंजांच्या सांगाड्यांतली सिलिका विरघळून पुन्हा गाठींच्या रूपात घट्ट झाली. दोन्हीकडे वरची माती मात्र वीतभरसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन माउंट केबर्नच्या उतारावर गेलो. चार पेन्सिली रोवल्या, सुतळीने एक मीटरचा चौकोन आखला आणि दोघं गुडघ्यांवर बसलो. गवत माझ्या तर्जनीच्या दोन पेरांएवढं. मला तिथली नावं येत नाहीत, म्हणून पानांवरून मोजायचं ठरवलं. “आबा, हे वेगळं. ह्याला केस आहेत,” असं करत ती मला पुढे नेत होती. ओव्यासारख्या वासाची एक जमिनीलगतची वेल, ती रानटी थाईम. कुळथाच्या कुळातली पिवळ्या फुलांची एक सरपटी, तिच्या शेंगा घोड्याच्या नालेच्या आकाराच्या, म्हणून नाव हॉर्सशू वेच. थोड्या अंतरावर एक आमरी, म्हणजे ऑर्किड होतं, तिच्या फुलाची पाकळी हुबेहूब मधमाशीच्या पाठीसारखी. नर मधमाशीला फसवण्यासाठी हे सोंग, पण ब्रिटनमध्ये ती बहुतेक स्वतःच स्वतःचं परागीभवन करून घेते. मला ते फूल पाहून भरून आलं. ज्याच्यासाठी एवढं सजायचं तो येत नाही, तरी सजणं सोडलेलं नाही.

आमची मोजणी २७ वर थांबली, कारण पाऊस आला. चांगल्या जागी एका चौरस मीटरात ४० जातींपर्यंत वनस्पती सापडतात.

एवढ्या जाती एवढ्याशा जागेत कशा, याचं उत्तर माझ्या धंद्यातच होतं. जमीन भुकेली आहे. पातळ माती, पाणी खडूत झिरपून जातं, नत्र कमी. तिथे कुठल्याच एका गवताला माजता येत नाही. त्यात वरून सतत कुणाचं तरी तोंड फिरत असतं. उंच होऊ पाहणारं आधी खाल्लं जातं आणि खाली बसलेल्या बारक्यांना ऊन मिळतं. खत टाका, दोनतीन दांडगी गवतं सगळ्यांना गिळतील.

केबर्नच्या पायथ्याशी ग्लाइंड हे गाव आहे. तिथे जॉन एलमन या शेतकऱ्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस साउथडाउन जातीची मेंढी सुधारली. आखूड पाय, भरलेलं अंग, दाट लोकर. या मेंढ्या दिवसा टेकडीवर चरायच्या आणि रात्री खाली नांगरटीच्या शेतात हलत्या कुडांच्या आत कोंडल्या जायच्या. दुसऱ्या दिवशी कूड पुढे सरकवायचा. म्हणजे टेकडीवरचा कस मेंढीच्या पोटातून शेतात उतरायचा आणि टेकडी भुकेलीच राहायची. हे वाचताना मला घाटावरचे धनगर दिसले. प्रशिक्षणाच्या काळात मी पाहिलंय, शेतकरी त्यांना धान्य देऊन शेतात मेंढरं बसवायला बोलावतात. दोन देश एकमेकांना न विचारता एकाच निर्णयाला आले.

मग १९५३ साल आलं. त्या वर्षी केंटमध्ये सशांना मिक्सोमॅटोसिस झाला. विषाणूचा रोग, डोळे सुजतात, जनावर आंधळं होऊन मरतं. ऑस्ट्रेलियात तो मुख्यतः डासांनी पसरवला, ब्रिटनमध्ये सशाच्या पिसवांनी. दोन वर्षांत तिथल्या १०० तले ९५ हून अधिक ससे गेले. पीक वाचलं म्हणून शेतकऱ्यांना बरं वाटलं असणार, त्यांना दोष देता येत नाही. पण दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी आणि नंतर धान्यासाठी बराचसा डाउन आधीच नांगरला गेला होता, मेंढ्याही कमी झाल्या होत्या. उरलेल्या तीव्र उतारांची हजामत सशांवरच होती. ते गेले आणि गवत वाढलं. मागून हॉथॉर्नची काटेरी झुडपं घुसली.

सगळ्यात आधी कळ लागली ती फुलपाखरांना. अडोनिस ब्ल्यू नावाचं एक आहे. आम्ही त्याला तिसऱ्या दिवशी पाहिलं, नर होता. निळा रंग एवढा चमकदार की नातीने हात मागे घेतला. त्याची अळी फक्त हॉर्सशू वेच खाते. तिला ऊबदार जमीन लागते, दक्षिणेकडे तोंड केलेला उतार आणि आखूड गवत. ती अंगातून गोड रस सोडते, त्यासाठी मुंग्या तिची राखण करतात, आणि कोष झाल्यावर त्याच्यावर मातीही लोटतात. गवत वाढलं की खालची जमीन सावलीत जाते आणि गार होते. उष्ण जमिनीच्या मुंग्या निघून जातात, वेच दबून जाते, फुलपाखरू संपतं. सशाच्या डोळ्याचा रोग आणि निळं फुलपाखरू यांच्यामध्ये एवढी लांब साखळी आहे. आता संरक्षक मुद्दाम मेंढ्या आणि गुरं आणून चारतात, झुडपं तोडतात. अडोनिस ब्ल्यू काही उतारांवर परत आलं आहे.

मुंग्यांवरून सांगतो. जुन्या, कधीच न नांगरलेल्या उतारांवर पिवळ्या मुंग्यांच्या हिरव्या ढिगांची रांगच रांग असते. एकेक ढीग कित्येक दशकांचा, डोक्यावर थाईम फुललेलं. ढिगारे दिसले की ही जमीन नांगराखाली गेलेली नाही असं समजायचं. मी त्यांच्यावर पाय ठेवला नाही. आम्ही रोयणीला, म्हणजे वारुळाला, सातेरी देवी म्हणून हात जोडणारी माणसं.

आणि डोक्यावर सतत चंडोल. तिथला चंडोल जमिनीवरून सरळ वर चढत जातो आणि दिसेनासा झाला तरी गाणं चालूच राहतं. आमच्या सड्यावर मलबारी चंडोल असतो. सूर निराळा, पण उघड्या आभाळाखाली गायची सवय तीच.

परतण्याआधी ईस्टबोर्नजवळ बीची हेडला गेलो. समुद्रावर सरळ तुटलेला पांढरा कडा, १६२ मीटर उंच. तिथे कड्यापेक्षा मला एक हकीकत जास्त भिडली. पहिल्या महायुद्धानंतर या किनाऱ्यावर टेकडीचे तुकडे पाडून प्लॉट विकले जाऊ लागले, पीसहेवन हे गाव असंच उभं राहिलं. ते पाहून ईस्टबोर्नच्या नगरपालिकेने १९२६ मध्ये कायदा करून घेतला आणि नंतर आसपासचा डाउन विकत घेतला. घरं होऊ नयेत हा एक हेतू. दुसरा हेतू पाणी. खडूची टेकडी पाऊस पिऊन पोटात साठवते आणि शहराच्या विहिरींना तेच पाणी लागतं. वर एक थेंब साठत नाही, इतका की मेंढ्यांसाठी मळलेली चिकणमाती थापून तळी करावी लागत. पण खाली सगळं गाव त्यावर जगतं. हे ओळखून टेकडी राखणारे ते लोक मला फार मोठे वाटले. २०१० मध्ये हा सगळा पट्टा साउथ डाउन्स राष्ट्रीय उद्यान झाला.

आमच्या सड्याची नोंद फॉर्म १ आणि १४ वर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, पाहाल तर ‘पोटखराब’. पीक येत नाही, म्हणून खराब. सड्याच्या पायथ्याची आमची झर मे महिन्यात आटत नाही. ते पाणी कुठून येतं हे त्या रकान्यात लिहायला जागाच नाही. गेल्या हिवाळ्यात वर लाल रंगाचे खुंट मारलेले दिसले, कुणी मोजणी करून गेलं होतं. तेव्हापासून रात्री मधेच जाग येते.

ऑगस्टमध्ये मी तीच सुतळी घेऊन वर गेलो. कातळाच्या खोलगटात जिथे बोटभर पाणी आणि चिमूटभर माती, तिथे चौकोन टाकला. सीतेची आसवं, निळी. पांढऱ्या टोप्यांचे गेंद. पिवळा कवला. आणि दवबिंदू, ज्याच्या पानांवर चिकट थेंब असतात आणि त्यात किडे अडकतात. सीतेची आसवंसुद्धा पाण्याखालच्या बारीक पिशव्यांत जीव पकडते. दोघींनाही मातीतून नत्र मिळत नाही म्हणून ही शिकार. भुकेली जमीन आणि दाटीवाटीने फुललेली माणसासारखी शहाणी झाडं, इथेही तेच.

पण कडेच्या गवताळ पट्ट्यात, जिथे माती थोडी जाड आहे, तिथे मला कंबरेएवढं गवत लागलं. माझ्या लहानपणी तिथे बसून आम्ही पाटी खेळायचो. तेव्हा वाड्यातली दोनेकशे गुरं राखणो, म्हणजे गुराखी, वर न्यायचा. आता गवत वाढतं, वाळतं आणि जानेवारी-फेब्रुवारीत कुणाच्या तरी बिडीने पेटतं. टिटवी घरटं करायची ती जागा काळी पडते. उघड्या कातळाला चरणाऱ्यांची गरज नाही, पण या पट्ट्याला आहे असं माझं निरीक्षण आहे.

शेजारच्या भाऊंकडे तीन गायी आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, “आतां गोरवां सड्यार कोण व्हरता?” आता गुरं सड्यावर कोण नेतं? मी म्हटलं, मी येतो बरोबर, माझे गुडघे चालतात तोवर. ते काही बोलले नाहीत. पण काल सकाळी साडेसातला त्यांनी कुंपणाबाहेरून हाक मारली. तीन गायी आणि दीड वर्षाची एक पाडी. पाडी गोठ्याबाहेर फारशी गेलेली नाही. चढणीवर ती दोनदा अडली, भाऊंनी पाठीवर हात ठेवला तेव्हा हलली. वर पोचल्यावर बराच वेळ वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. मग मान खाली घातली, वास घेतला, आणि जिभेचा विळखा घालून गवताचा पहिला घास ओढला.