बाईंनी निवडलेला कॉलम

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353 ब नुसार 30 वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे बंधनकारक आहे. असे ऑडिट करणे हा माझा व्यवसाय. इमारतीच्या चाचण्या घेऊन अहवाल दिला की कागदोपत्री माझे काम संपते. परंतु तो अहवाल ज्यांच्या डोक्यावरच्या छपराविषयी आहे त्यांना तो नीट कळावा, ही जबाबदारीही मी माझीच मानते. मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत अहवाल मांडायला गेले, तो दिवस मला त्यासाठीच महत्त्वाचा वाटतो.

इमारत 1970 च्या दशकाच्या अखेरीस बांधलेली, तळमजला अधिक चार मजल्यांची. तळमजल्यावर अर्ध्या भागात पार्किंग, अर्ध्या भागात घरे. सभासदांत सरळ दोन तट पडले होते. एका गटाला रिडेव्हलपमेंट हवी होती, आणि इमारत ‘सी-1’ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याच्या वर्गात यावी, अशी त्यांची जवळजवळ उघड अपेक्षा होती. दुसऱ्या गटात बहुतेक वयस्कर मंडळी होती. एकदा भाड्याच्या घरात गेलो की परत येणे आपल्या हयातीत होईल का, ही त्यांची भीती अगदी खरी होती. इंजिनिअर मॅडम बिल्डरच्या ओळखीतून आल्या आहेत, अशी कुजबुजही माझ्या कानावर आली होती. अशा सभेत आकड्यांचे तक्ते पडद्यावर टाकून काहीही साधत नाही, कारण आकडा देणाऱ्यावरच विश्वास नसतो.

तयारी करताना कोलंबिया अंतराळयानाचा चौकशी अहवाल माझ्या मनात होता. 1 फेब्रुवारी 2003 रोजी ते यान पृथ्वीवर परतताना नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीरांचा मृत्यू झाला. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता, आणि यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी त्याविषयीचे सादरीकरण केले होते. चौकशी मंडळाने त्यातील एका स्लाइडवर नेमके बोट ठेवले. आदळलेला तुकडा चाचण्यांत वापरलेल्या तुकड्यांपेक्षा शेकडो पटींनी मोठा होता, ही सर्वांत महत्त्वाची माहिती त्या स्लाइडच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांतल्या उपमुद्द्यात दडलेली होती. आमच्या क्षेत्रातही हे सतत घडते. ‘स्थानिक स्वरूपाचा ऱ्हास आढळला’ असे शीर्षक द्यायचे आणि कोणत्या कॉलमजवळून, म्हणजे खांबाजवळून, लोक रोज ये-जा करतात ते परिशिष्टात ढकलायचे, ही पद्धत मला घातक वाटते.

म्हणून माझ्या पहिल्याच स्लाइडवर एक पूर्ण वाक्य होते : ‘पार्किंगमधील तीन कॉलम कमकुवत झाले आहेत, उरलेली इमारत दुरुस्तीने टिकेल.’ अल्ट्रासॉनिक, रिबाउंड हॅमर, हाफ-सेल या चाचण्यांचे सगळे तक्ते छापील अहवालात ठेवले. पडद्यावर तळमजल्याचा एकच नकाशा ठेवला आणि त्यावर प्रत्येक कॉलम दाखवला. चांगल्या कॉलमला हिरवे वर्तुळ, लक्ष ठेवण्याजोग्याला पिवळा चौकोन, धोक्याच्या कॉलमला लाल त्रिकोण. रंगासोबत आकारही बदलला, कारण लाल-हिरव्यात फरक न कळणारी एखादी व्यक्ती बहुतेक प्रत्येक सभेत असते आणि ती तसे बोलून दाखवत नाही. आराखड्यातले ‘सी 7’, ‘सी 11’ हे क्रमांक काढून टाकले आणि रहिवासी म्हणतात तशी नावे घातली : जिन्यामागचा, पंपाजवळचा, मीटर-रूमचा. सोसायटीत बरीच गुजराती कुटुंबे होती, त्यांनाही नकाशा वाचायला अडचण येणार नव्हती.

सभा जवळच्या शाळेच्या सभागृहात सकाळी व्हायची होती. आदल्या संध्याकाळी प्रोजेक्टर घेऊन तिथे गेले आणि सर्वांत मागच्या बाकावर बसून प्रत्येक स्लाइड वाचून पाहिली. तिथून जे वाचता येत नाही ते सत्तरीच्या सभासदाला दुसऱ्या ओळीतूनही वाचता येत नाही, असा माझा अनुभव आहे. पूर्वेच्या खिडक्यांतून सकाळी ऊन थेट पडद्यावर येणार होते, म्हणून शाळेच्या शिपायांच्या मदतीने काळे चार्टपेपर लावून घेतले. देवनागरी मजकुराची आणखी एक अडचण असते. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर फॉन्ट नसला की वेलांट्या आणि रफार भलतीकडे जातात. त्यामुळे फाइल पीडीएफ करून स्वतःच्याच लॅपटॉपवर ठेवली.

सभेत पहिले वाक्य आणि नकाशा दाखवून मी पडदा काळा केला. टेबलावर चार्टपेपर अंथरून त्यावर दोन कोअर ठेवले होते, म्हणजे ड्रिलने कॉलममधून काढलेले काँक्रीटचे दंडगोल तुकडे. वर स्टँडला मोबाइल लावून त्याचे चित्र पडद्यावर घेतले, जेणेकरून शेवटच्या रांगेलाही माझे हात दिसावेत. काँक्रीटचा जुना उघडा पृष्ठभाग हवेने बदललेला असतो, म्हणून ही चाचणी ताज्या फोडलेल्या भागावरच करावी लागते. छिन्नी-हातोडीने दोन्ही कोअर सर्वांसमोर उभे चिरले, धूळ ब्रशने झटकली आणि फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले. काँक्रीटची क्षारता शाबूत असेल तिथेच ते गुलाबी होते. पहिला कोअर काही क्षणांत जवळजवळ पूर्ण गडद गुलाबी झाला. दुसरा बाहेरच्या बाजूने राखाडीच राहिला. मोजपट्टी लावली तेव्हा गुलाबी रंग 45 मिलिमीटरच्या पुढे सुरू होत होता. त्या कॉलममधली सळई पृष्ठभागापासून 25 मिलिमीटरवर होती.

मी पुढे बोलण्याआधीच तिसऱ्या रांगेतल्या एक निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या. त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले होते आणि सगळी सोसायटी त्यांना बाई म्हणत असे. त्या इमारत रिकामी करण्याच्या विरोधात होत्या.

“मॅडम, द्रावण खरे आहे, रंगही खरा आहे,” त्या म्हणाल्या. “पण तुकडे तुम्ही निवडलेले आहेत. मी सांगेन तो कॉलम तपासाल का? आत्ता, आमच्यासमोर?”

प्रश्न रास्त होता. अध्यक्षांची परवानगी घेऊन सभा तहकूब केली आणि सगळे सोसायटीच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आलो. बाईंनी पंपाजवळच्या कॉलमवर हात ठेवला. त्याचे प्लास्टर भेगाळलेले होते, वर पाण्याचे पांढरट डाग होते. पाहणाऱ्याला तो सर्वांत वाईट वाटावा असाच होता. माझ्या नकाशावर मात्र त्याला हिरवे वर्तुळ होते. माझ्या सहाय्यकाने प्लास्टर काढून आतले काँक्रीट सळईपर्यंत टोकरले. मी बाटली बाईंच्या हातात दिली आणि त्यांनी स्वतः फवारा मारला. वरचा 10 मिलिमीटरचा पट्टा सोडला तर सगळी खाच गुलाबी झाली. आत सळई स्वच्छ, काळसर होती.

त्यानंतरचे स्पष्टीकरण बाईंनीच दिले, आणि ते माझ्या स्लाइडपेक्षा सरस होते. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) 12 ते 13 असतो आणि त्या क्षारतेमुळे सळईवर संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपतो, चुन्याशी संयोग पावतो आणि सामू 9 च्या खाली येतो. मग तो थर जातो, आणि ओल व हवा मिळाली की सळई गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते, एवढीच भर मी घातली, आणि काँक्रीट आतून का फुटते ते जिन्यामागच्या कॉलमच्या उभ्या भेगेवर बोट ठेवून दाखवले. बाईंनी तिथेही फवारा मारला. सळईच्या मागेपर्यंत रंग आला नाही आणि सळईवरून गंजाचे पापुद्रे हातात सुटून आले. मोबाइलवर नकाशा उघडून त्यांनी त्या कॉलमवरचा लाल त्रिकोण शेजाऱ्यांना दाखवला.

एक कॉलम चांगला निघाला म्हणूनच दुसरा वाईट असल्याचे लोकांनी मान्य केले, असे मला वाटते. सगळेच तुकडे वाईट दाखवले असते तर संशयच वाढला असता. प्रेक्षकाने स्वतः नमुना निवडून नकाशाशी ताडून पाहणे ज्या सादरीकरणाला परवडते तेच मांडावे, अशी माझी भूमिका आहे. त्यासाठी मोजमाप प्रत्येक कॉलमचे घ्यावे लागते आणि चांगल्या निकालांनाही पडद्यावर जागा द्यावी लागते.

सभागृहात परतल्यावरच मी वर्ग सांगितला : ‘सी-2ए’, म्हणजे इमारत अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती. हा शब्द आधी उच्चारला असता तर सभा त्यावरच अडली असती. दोन्ही गट थोडे नाराज झाले, पण प्रश्न आता कामाचे येऊ लागले. टेकू कधी लागतील, जॅकेटिंगला, म्हणजे कॉलमभोवती नवा मजबूत थर चढवायला, किती दिवस, वरच्या मजल्यांवरच्या कोणत्या खोल्या रिकाम्या कराव्या लागतील? नकाशा पडद्यावर पुन्हा आणला, आणि पुढचा सगळा वेळ लोक त्याच्याकडे हात दाखवूनच बोलत राहिले.

टेकू त्याच आठवड्यात लावण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. रिडेव्हलपमेंटचा विषय स्वतंत्र सभेत घेण्याचे ठरले. मीटर-रूमचा कॉलम त्या दिवशी टोकरता आला नव्हता, कारण आधी वीजपुरवठा बंद करून घेणे आवश्यक होते. त्याची तपासणी बाईंसह दोन सभासदांच्या उपस्थितीत करावी, असे सचिवांनी इतिवृत्तात लिहून घेतले.