राफेलचा कंपॅरेटिव्ह (दरांचा तुलनात्मक तक्ता) काढताना

मी एका कारखान्यात परचेसला आहे. संरक्षणशास्त्राच्या पदविकेसाठी प्रकल्प करायचा होता, म्हणून राफेल लढाऊ विमानांचा खरेदी करार घेतला. आपण रोज कंपॅरेटिव्ह काढतो, त्यात अवघड ते काय!

पहिल्या रविवारी फ्रान्सशी झालेल्या ३६ विमानांच्या २०१६ च्या कराराचे ७.८७ अब्ज युरो, म्हणजे साधारण ५९,००० कोटी रुपये, ३६ ने भागले. विमानामागे १,६४० कोटी. सरांनी कागद परत दिला. "काँप्रेसर घेताना स्पेअर्स, ट्रेनिंग, एएमसी (वार्षिक देखभाल करार) सगळं मशीनच्या दरात धरता का हो?" कान पकडले.

मग कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, २०१९ चा अहवाल काढला. तक्ता उघडला, तर रकमेच्या जागी नुसती अक्षरं! संरक्षण मंत्रालयाच्या आग्रहामुळे किमती झाकलेल्या. हाताशी राहिले फक्त टक्के. राफेल बनवणाऱ्या दासो कंपनीच्या २००७ च्या ऑफरशी तुलना केली तर नुसत्या विमानाचा दर तेवढाच. भारतासाठी करून घेतलेले बदल १७.०८ टक्के स्वस्त, देखभालीचं पॅकेज मात्र ६.५४ टक्के महाग. एकूण सौदा २.८६ टक्के स्वस्त. मंत्रालयाचा दावा ९ टक्क्यांचा होता. जुनी ऑफर १२६ विमानांची, त्यातली बहुतेक इथे बांधायची. ती ३६ तयार विमानांच्या मापाला आणायची कशी, यावरच सगळं ठरतं. माझा दुसरा रविवार त्यातच गेला.

पण मी खरा अडकलो बँक गॅरंटीवर, म्हणजे पुरवठादार चुकला तर पैसे भरून द्यायच्या बँकेच्या हमीवर. आमच्याकडे साध्या फॅब्रिकेटरलासुद्धा गॅरंटीशिवाय ॲडव्हान्स सुटत नाही. २००७ च्या ऑफरमध्ये गॅरंटीचा खर्च धरलेला होता. २०१६ ला गॅरंटी नाही, त्याऐवजी फ्रान्स सरकारचं लेटर ऑफ कम्फर्ट, म्हणजे आश्वासनाचं पत्र. मंत्रालय म्हणतं, बँकेचे चार्जेस वाचले ते आपले. कॅग म्हणतं, वाचले ते कंपनीचे, कारण जुन्या दरात ते होतेच. इथे मी बेधडक कॅगच्या बाजूने लिहिलं. व्हेंडरने गॅरंटी काढली नाही तर तेवढा दर उतरवून घ्यायचा, हे आमच्यात नवा पोरगाही पहिल्या महिन्यात शिकतो. शिवाय गॅरंटी गेली की जोखीम आपल्या अंगावर येते, ती वेगळीच.

शेवटचा रकाना होता पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या उड्डाणखर्चाचा. इंधन, इंजिनांचं ओव्हरहॉल, मधली अपग्रेड. भरायला माझ्याकडे आकडेच नव्हते. सवयीने 'नॉट कोटेड' (दर दिलेला नाही) लिहिलं. सरांनी त्याभोवती लाल गोल काढला, मार्क मात्र कापले नाहीत.