भूमच्या खवा भट्टीवर दोन दिवस

जुलै २०२३ मध्ये सरकारनं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) गाईच्या दुधाला लिटरला ३४ रुपये दर ठरवून दिला. वर्ष सरायच्या आत तेच दूध २५-२७ रुपयांवर आलं. आमच्या गोठ्यात चार संकरित गाई आहेत. पेंड, वैरण, डॉक्टर धरलं तर त्या दरात हातात शेणच राहतं. त्यातच एका संध्याकाळी संकलन केंद्रातलं कूलर बंद पडलं आणि आमचे दोन्ही कॅन भरलेलेच घरी परत आले. वाड्यावस्तीवर वाटलं, आईनं थोडं विरजलं, उरलेलं वासरांना पाजलं. त्या रात्री आई म्हणाली, "भूमकडं दुधाचा खवाच करून टाकतात म्हणे. एकदा बघून येऊ." गाई भावजयीवर सोपवून दोन दिवस निघायला मार्गशीर्ष उजाडला.

आम्ही चुलतभावाची गाडी घेऊन करमाळ्याहून परांडा आणि तिथून धाराशिव जिल्ह्यातल्या भूमला गेलो. एसटीनं जाणाऱ्यांना बार्शीहून भूम सोपं पडेल. रेल्वेनं आलात तर कुर्डुवाडीला किंवा बार्शीला उतरा. सोलापूर-धुळे महामार्गावरून येत असाल तर येरमाळा ओलांडलं की पेढ्याच्या दुकानांच्या पाट्या दिसायला लागतात. आपण सगळे त्या पाट्यांपाशी थांबतो, पाव किलो पेढे घेतो आणि निघतो. माझं म्हणणं, दुभतं जनावर असलेल्या माणसानं रस्ता सोडून आत गावात जावं. खरं बघण्यासारखं तिथं आहे.

हा बालाघाटाचा माळ आहे. पाऊस बेभरवशाचा, उसाची सोय थोड्यांनाच. जनावरावर घर चालवायचं तर दूध विकलं पाहिजे आणि मोठी गिऱ्हाइकं लांब, बार्शी, सोलापूर, पुण्याला. दूध थांबत नाही. म्हणून ते जागच्या जागी आटवून टाकायची रीत इथं पडली. आज भूम तालुक्यातल्याच कुंथलगिरीच्या खव्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे.

भट्टी बघायची तर सकाळी सातलाच पोचा. दहानंतर गेलात तर घासलेल्या कढया बघून परत याल. आदल्या दिवशी फोन करून विचारा, कारण ही कामाची जागा आहे आणि कामाच्या घाईत पाहुणा अडचणच करतो. नायलॉनचे कपडे घालू नका, ओढणी-पदर खोचून घ्या. जाळ उघडा असतो.

आम्ही गेलो ती भट्टी एक मावशी आणि त्यांचा मुलगा चालवतात. पत्र्याची शेड, ओळीनं चार चुली, प्रत्येकीवर लोखंडी कढई. गावातले लोक मोटारसायकलला कॅन अडकवून येत होते, कुणाचं सहा लिटर, कुणाचं अकरा. मावशींनी एका नवीन माणसाचं दूध बाजूला ठेवलं आणि त्यातलं एक लिटर मोजून छोट्या कढईत वेगळं आटवायला घेतलं. आईनं कारण विचारलं. "तुमच्याकडं मशीन फॅट बघतंय, आम्ही उतारा बघतो. पाणी घातलं असलं तर कढई सांगती." लिटरला किती ग्रॅम खवा उतरला, त्यावर त्या माणसाचा दर ठरणार होता. तो शेजारीच उकिडवा बसून बघत होता आणि वजन त्याच्या डोळ्यांदेखत झालं. आईला ही गोष्ट फार पटली. आम्हाला तर आमच्या दुधाची फॅट चिठ्ठीवर छापून आल्यावरच कळते.

मग मोठी कढई लागली. दूध उकळून वर आलं की मावशी जाळ थोडा मागं ओढायच्या. लांब दांड्याचं उलथनं तळ खरवडत अखंड फिरत होतं. कडेला चिकटलेली साय खाली ओढायची, पुन्हा ढवळायचं. दूध खीर होतं, खिरीचं पिठलं होतं, बुडबुडे जड होऊन फटफट फुटायला लागतात. इथं मावशींनी पेटती लाकडं बाहेर ओढली आणि नुसत्या निखाऱ्यावर हात दुप्पट वेगानं चालवला. "आता हात थांबला की खवा लागला." गोळा कढईची कड सोडायला लागला, अंगावर तुपाची चमक आली आणि त्यांनी कढई खाली उतरवली. उतरवल्यावरही चार-दोन मिनिटं ढवळत राहिल्या, कारण तापलेलं लोखंड तेवढ्यातही तळ करपवतं. आईनं मध्ये उलथनं मागून घेतलं. पाच मिनिटांत तिचा खांदा भरून आला. मावशी रोज दोन वेळा हे करतात. आता काही ठिकाणी ढवळायला यंत्रं आली आहेत, त्यातली काही सौर पॅनेलवर चालतात. परवडत असेल तर यंत्राचाच विचार करावा असं मला वाटतं. बाईच्या खांद्यावर उभा राहिलेला धंदा किती वर्षं चालणार?

आता हिशेब. गाईच्या साधारण साडेपाच-सहा लिटरला किलोभर खवा बसतो, म्हशीच्या साडेचार-पाच लिटरला. म्हणजे दूध २८ रुपयांनी धरलं तर गाईच्या खव्याच्या एका किलोत १६८ रुपयांपर्यंत नुसतं दूधच जातं. त्यावर सरपण, मजुरी, वाहतूक. व्यापारी १८० म्हणाला तर घरी या. गणपती-दिवाळीत आणि लग्नसराईत भाव चढतो, मधे पडतो. पण खवा दोन-तीन दिवस बाहेर टिकतो आणि थंडाव्यात त्याहून जास्त. मावशींचा मुलगा म्हणाला, "दुधाला संध्याकाळपर्यंतच वेळ असतो. खवा केला की व्यापाऱ्याला 'उद्या बघू' म्हणता येतंय." दोन दिवसांत ऐकलेलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच. पेढ्यात आणखी पैसा आहे, पण त्याला दुकान लागतं, नाव लागतं, सणासुदीला तपासणी असते आणि अन्न परवान्याची नोंदणी आधी हवी. कर्ज काढण्यापूर्वी तालुका कृषी कार्यालयात सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचं काय चालू आहे ते विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी मुलगा आम्हाला त्यांच्या वस्तीवर घेऊन गेला. त्यांच्याही पाचच गाई, मुक्त संचार गोठ्यात. गोठा म्हणजे जाळीचं कुंपण, मधे लिंबाची सावली आणि पाण्याचा हौद. रोजचं शेण उचलायचं काम उरलेलं नाही. पाच-सहा महिन्यांनी ट्रॉलीनं खत भरायचं, त्यातलं अर्धं विकायचं. शेजारी मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या पिशव्या होत्या. मका दाणा चिकात असताना कापून, कुट्टी करून, तुडवून भरायचा आणि तोंड घट्ट बांधायचं. पंचेचाळीस दिवसांनी पिशवी उघडली की आंबूस-गोड वास येतो. एका पिशवीला उंदरानं भोक पाडलं होतं, ती अख्खी काळी पडून गेली होती. पिशव्या भिंतीला टेकवून ठेवू नका, असं त्यानं दोनदा सांगितलं. कडेला सहा शेळ्याही होत्या, काळ्या, लांब कानांच्या. उस्मानाबादी शेळीचं हे माहेरच. पिल्लं बऱ्याचदा जुळी होतात. शाळेची फी आली की एक बोकड जातो, गाय विकायची वेळ येत नाही.

मुक्काम आम्ही कुंथलगिरीला जैन क्षेत्राच्या धर्मशाळेत केला. जैन मुनी आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये इथंच सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नत्याग करून देह ठेवला. संध्याकाळी टेकडीवरची मंदिरं बघताना आई पहिल्यांदा निवांत बसलेली दिसली. इथं राहायचं तर त्यांचे नियम पाळा आणि रात्री उशिरा जेवण मिळेल अशी आशा धरू नका.

खवा विकत घेणार असाल तर बर्फाचा डबा सोबत न्या. थोडा खवा तळहातावर चोळा, तुपाचा ओलावा सुटला पाहिजे. शंका आली तर चिमूटभर खवा पाण्यात उकळून, थंड करून त्यात आयोडीनचा थेंब टाका. निळं झालं की पीठ मिसळलेलं आहे. आणि कशासाठी हवा ते आधी सांगा. पेढ्याला घट्ट आणि कोरडा लागतो, गुलाबजामला मऊ.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी आईनं सकाळचं सहा लिटर दूध केंद्रावर पाठवलं नाही. आमची कढई पातळ ॲल्युमिनियमची, तळ करपला आणि अख्ख्या खव्याला धुराचा वास लागला. पुढच्या रविवारी चुलत्याकडची जाड लोखंडी कढई आणली. जाळ आईनं वेळेवर ओढला, ढवळायचं काम मी आणि भावजयीनं आळीपाळीनं केलं. काट्यावर एक किलो चाळीस ग्रॅम भरला. त्यातला अर्धा गावातल्या चहावाल्यानं कुंद्यासाठी नेला आणि मंगळवारी पुन्हा मिळेल का म्हणून विचारायला आला.