युरियाचा आकडा आणि रक्तात साचणारे बाकीचे पदार्थ

मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की घरातल्या सर्वांची नजर रिपोर्टमधल्या युरिया आणि क्रिएटिनिन या दोन आकड्यांवर खिळते. माझ्या थोरल्या बहिणीच्या आजारपणात आमच्याकडेही हेच चालू असते. मात्र या विषयावर वाचत गेल्यावर आणि ताईच्या डॉक्टरांशी बोलत गेल्यावर माझे असे मत झाले आहे की या दोन आकड्यांना आपण वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देतो. रक्तात साचणाऱ्या अनेक पदार्थांपैकी ते सर्वांत सहज मोजता येणारे आहेत, एवढेच.

निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. खोली झाडताना आधी सगळे सामान बाहेर काढावे आणि मग हवे तेवढेच आत घ्यावे, अशी ही पद्धत आहे. ती बिघडली की प्रथिनांच्या विघटनातून निघालेल्या अमोनियापासून यकृतात तयार होणारा युरिया आणि स्नायूंमधून येणारे क्रिएटिनिन रक्तातच राहतात. गाळण्याची क्षमता निम्मी झाली की क्रिएटिनिन साधारण दुप्पट होते. म्हणजे ज्याचे मुळात ०.६ होते त्याचे १.२ झाले, तरी रिपोर्टवर ते बहुधा ‘नॉर्मल’च दिसते आणि स्नायू कमी असलेल्या कृश वा वृद्ध माणसाच्या बाबतीत ही फसगत अधिकच होते.

युरिया स्वतः फारसा विषारी नाही. डायलिसिसच्या द्रवात मुद्दाम युरिया मिसळून रुग्णाच्या रक्तातली त्याची पातळी चढीच ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत. बाकीचे पदार्थ निघून गेल्यामुळे तशाही स्थितीत रुग्णांना बरे वाटले. युरिया फारच वर गेला तेव्हा मात्र डोकेदुखी, उलट्या असे त्रास झाले. युरियापासून तयार होणारा सायनेट शरीरातल्या प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बिघडवतो, त्यामुळे त्याला अगदी निर्दोष म्हणता येत नाही, पण मुख्य आरोपीही तो नव्हे.

ताईच्या बाबतीत सुरुवात तोंडापासून झाली. पाण्यालाही लोखंडाची चव येते असे ती म्हणू लागली आणि तिच्या श्वासाला उग्र दर्प येऊ लागला. लाळेत उतरलेल्या युरियाचे तोंडातले जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, त्याचा तो दर्प. पुढे मळमळ, रात्रभर पाठीला सुटणारी खाज आणि दिवसाढवळ्या लागणारी डुलकी. एकदा डॉक्टरांनी तिला दोन्ही हात समोर ताणून, पंजे मनगटात वर उचलून धरायला सांगितले, तेव्हा ते मध्येच क्षणभर गळून पडत आणि पुन्हा सावरत. साचलेल्या पदार्थांचा परिणाम मेंदूपर्यंत पोचल्याची ती खूण होती. याच्या पुढची पायरी म्हणजे झटके येणे किंवा बेशुद्धी. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांच्या कृत्रिम मूत्रपिंडामुळे १९४५ मध्ये वाचलेली पहिली रुग्ण, ६७ वर्षांची स्त्री, अशीच बेशुद्ध होती आणि रक्त शुद्ध होताच ती शुद्धीवर आली. रक्तातून धुऊन काढता येणारे काहीतरी मेंदूला झाकोळत होते, हे त्यावरून उघडच दिसते.

सगळेच मात्र धुऊन निघत नाही. आतड्यातले जिवाणू ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून इंडोल बनवतात आणि यकृत त्याचे इंडॉक्सिल सल्फेट करते. हा पदार्थ रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटून बसतो. अल्ब्युमिन डायलिसिसच्या पडद्यातून पलीकडे जात नाही आणि जाऊही नये, त्यामुळे या पदार्थाचा जो थोडासा अंश मोकळा असतो तेवढाच बाहेर पडतो. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनसारखे मोठे रेणूही नेहमीच्या डायलिसिसने अपुरेच निघतात आणि वर्षानुवर्षे साचून सांध्यांत, मनगटात बसतात. शिवाय आठवड्यातून तीनदा चार-चार तास धरले, तरी १६८ तासांपैकी यंत्र फक्त १२ तास चालते. मूत्रपिंडांना सुटी नसते. म्हणूनच डायलिसिस सुरू झाल्यावर ताईच्या तोंडाची चव लवकर परतली, खाज मात्र कमी-अधिक होत राहिलीच.

डायलिसिसवर असूनही ताईला अजून थोडी लघवी होते आणि डॉक्टर प्रत्येक भेटीत तिचे प्रमाण विचारतात, यामागचे कारण मला आता कळते. अल्ब्युमिनला चिकटलेले जे पदार्थ यंत्राला दाद देत नाहीत, त्यांना मूत्रपिंडातल्या नलिका स्वतः ओढून लघवीत सोडतात आणि उरलेसुरले मूत्रपिंडही हे काम थोडेफार करत राहते. त्यामुळे अंग दुखले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताई वेदनाशामक गोळी घेत नाही, कारण तशा अनेक गोळ्या या उरलेल्या क्षमतेवरच घाला घालतात.