सूप, पायरी आणि दोन शब्द

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं शाळेचं पत्र आलं, तेव्हा सर्वांत आधी आठवली ती माझी लबाडी.

बोर्डिंगातल्या आम्हा ख्रिस्ती मुलांना दर शनिवारी शास्त्राच्या तासाला एक वचन पाठ म्हणून दाखवावं लागे. सातवीत असताना मी खटपट करून सर्वांत आखूड वचन शोधून काढलं. योहान ११:३५. उभा राहिलो, "येशू रडला" म्हणालो आणि खाली बसलो. वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "का रडला?" एवढंच विचारलं. मला काय ठाऊक!

ते १९७२-७३चं दुष्काळी वर्ष. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावात विहिरींना तळ दिसत होते. आई-दादा पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होते. तिथं सुकडी मिळे. इकडे आम्ही अमेरिकेहून आलेल्या मिलोची लाल भाकरी खात होतो. तिला नावं ठेवण्यात आमचा अर्धा दिवस जाई, आणि दुसरी मिळावी म्हणून उरलेला अर्धा.

मार्चमध्ये कार्ड आलं. कोपरा फाडलेला. त्यामुळे वाचायच्या आधीच पोटात गोळा आला. धाकटा भाऊ जुलाबांनी गेला होता. तारीख पाहिली तर चार दिवस उलटले होते. माती देऊनही झाली होती.

संध्याकाळी बाई बोर्डिंगात आल्या त्या काखेत सूप घेऊन. पायरीवर माझ्याशेजारी टेकल्या, सुपातला निम्मा मिलो माझ्याकडे सरकवला आणि खडे निवडू लागल्या. देवाची इच्छा वगैरे काही बोलल्या नाहीत. मीच दोनदा म्हणालो, "मी तिथं असतो तर..." त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि परत खडे वेचायला लागल्या. दिवेलागणीपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. मिलोत खडे तरी किती असायचे!

पुढच्या शनिवारी त्यांनी योहानाचा अकरावा अध्याय आमच्याकडून सबंध वाचून घेतला. येशू बेथानीला पोचतो तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. चार दिवस! मी मान वर करून बाईंकडे पाहिलं. त्या पुस्तकातच पाहत होत्या. मार्था आणि मरिया, दोघी बहिणी त्याला एकच बोल लावतात : तू इथं असतास तर आमचा भाऊ मेला नसता. मार्थेला तो पुनरुत्थानाचं सांगतो. मरियेला मात्र काही समजावत बसत नाही. ती रडते, तिच्याबरोबर आलेले रडतात, आणि तोही रडतो.

"लाजरला उठवायचंय हे त्याला ठाऊक होतं की," बाई म्हणाल्या, "तरी आधी रडून घेतलं त्यानं."

नगरच्या आम्हा मंडळींना हे कळायला जड गेलं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला पेटी-टाळांवर ना. वा. टिळकांची भजनं होत, त्यांत ख्रिस्त माउलीच होऊन येई. आणि माउली म्हणजे काय, हे नेवाशाच्या पोराला वेगळं सांगायला नको.

एप्रिल २०२१मध्ये पत्नी ऑक्सिजनवर होती. आत कोणालाच सोडत नव्हते. मी समोरच्या फुटपाथवर पिशवी उशाला घेऊन रात्री काढल्या. एरवी मंडळीत उभा राहून दहा-दहा मिनिटं प्रार्थना करणारा मी. तिथं मार्थेचा तो बोल तेवढा तोंडातून निघाला. उत्तर आलं नाही. पण कोणीतरी शेजारी येऊन टेकलंय आणि गुपचूप आपल्या वाटचे खडे वेचतंय, असं वाटत राहिलं. रोज रात्री.

नवव्या दिवशी ती गेली. त्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, आणि ज्यांना चटकन लागतो त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही. फुटपाथवर मी एकटा नव्हतो, एवढं मात्र मी कुणालाही सांगेन.

गेल्या महिन्यात शाळेत जाऊन आलो. बाई जाऊनही बरीच वर्षं झाली. बोर्डिंगच्या पायऱ्यांना आता चकचकीत फरशी बसवली आहे. काम झकास झालंय. संध्याकाळी बसायला जरा गार लागते, इतकंच. बसलो थोडा वेळ.