निम्म्या भावापासून

मस्कतहून निझव्याला जाणाऱ्या बसमध्ये मी एका खपाऊ इंग्रजी प्रवास-मार्गदर्शकातले ‘अरबांचे रीतिरिवाज’ हे प्रकरण परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखे वाचून काढले. अरब डाव्या हाताने जेवत नाहीत, पादत्राणे घराबाहेर काढतात, पाहुण्याला नको म्हटले तरी वाढतात, दिलेली वेळ पाळतीलच असे नाही, आणि दुकानदाराने सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून घासाघीस सुरू करावी. हे तर आमच्या चिपळूणच्या घराचेच वर्णन झाले! फक्त लिहिणाऱ्याला ते अजब वाटले होते. शिवाय अरब लीगमध्ये 22 देश असले, तरी या पुस्तकातला अरब मोरोक्कोपासून ओमानपर्यंत एकच होता.

किल्ला आणि शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार पाहून झाल्यावर मी खजुराच्या दुकानात शिरले. सत्तरीकडे झुकलेल्या दुकानदाराने ‘खलास’ जातीच्या खजुराच्या डब्याचे अडीच रियाल सांगितले आणि पुस्तकाला स्मरून मी तोंड वर करून सव्वा म्हटले. ते रागावले नाहीत. “बहनजी, दाम एक ही है,” असे स्वच्छ हिंदीत सांगून त्यांनी मला स्टूल दिले, समोर खजुराची ताटली ठेवली आणि दल्लामधून, म्हणजे लांब चोचीच्या अरबी किटलीतून, बिनकानाच्या चिमुकल्या पेल्यात वेलदोड्याच्या वासाचा, बिनसाखरेचा काहवा, म्हणजे अरबी कॉफी, तळाशी घोटभर ओतला.

त्यांचा जन्म पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा आणि घरातली बोली तिथली स्वाहिली. अरब सुलतानाची सत्ता उलथवणाऱ्या 1964 च्या क्रांतीनंतर तिथल्या अनेक अरब कुटुंबांप्रमाणे त्यांच्या घरच्यांनाही बेट सोडावे लागले, आणि ओमानमध्ये स्थिरावल्यावरच आपली अरबी सुधारली, असे ते हसत म्हणाले. 1970 पर्यंत ओमानमध्ये रुपया चालत असे आणि रियालचा हजारावा भाग असलेल्या ‘बैसा’चे नाव आपल्या पैशावरूनच आले, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. ज्या माणसाशी मी पुस्तकी अरब समजून हुज्जत घातली, त्याला माझ्या देशाचा हिशेब माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होता. मी मुकाट्याने अडीच रियाल मोजले.

दरम्यान पेला रिकामा झाला की ते पुन्हा भरत होते आणि मी संकोचाने पीत होते. पाचव्या पेल्यानंतर त्यांनीच स्वतःचा पेला बोटांत धरून किंचित हलवून दाखवला : पुरे झाले की असे करायचे. त्या प्रकरणात हेही लिहिलेले होते. नेमके तेवढेच मी विसरले होते.